नवीन घर: किचन मोठं ठेवू की युटिलिटीला जागा देऊ? (इंदूर)

नवंघर_इंदूर

नमस्कार मंडळी. बिचोली मर्दानाच्या बाजूला आमचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, घर पूर्वमुखी, पावसाळा संपला की पाया खोदायचाय आणि नकाशा अजून किचनपाशीच अडकलाय. बाकी खोल्यांवर घरात एकमत झालं, इथेच होत नाहीये.

आत्ता नकाशात असं आहे. मागच्या बाजूला वायव्य कोपऱ्यात १४ बाय ११ चं किचन, त्याला दक्षिणेकडून लागून ६ बाय ११ चं स्टोअर, आणि युटिलिटी, म्हणजे धुण्या-भांड्यांची जागा, मागच्या एमओएसमध्ये (घराभोवती उघडी सोडायच्या पट्ट्यात) ४ बाय १० ची पत्र्याची शेड टाकून. आर्किटेक्ट म्हणतात कॉलनीत सगळे असंच करतात, आतली जागा कशाला वाया घालवता. मला मात्र ती शेड पटत नाहीये. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस तिरपा येतो तेव्हा बाई भांडी घासणार कुठे आणि मशीन ठेवायचं कुठे, आणि मे महिन्यात पश्चिमेचं ऊन पत्र्यावर पडलं की तिथे कोणी उभं राहू शकेल का?

घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. वरचा मजला दिरांसाठी, ते सध्या बाहेरगावी आहेत पण गणपती, महालक्ष्म्या, दिवाळी सगळं खालच्याच किचनमध्ये होणार, तेव्हा वीस-पंचवीस पानं सहज असतात. एरवीही सासूबाई आणि मी दोघी एकदमच ओट्याशी असतो. त्यांची उंची ४ फूट ११ इंच, माझी ५ फूट ५, त्यामुळे ओटा किती उंच करायचा यावरून पण रोज चर्चा. नवऱ्याला ओपन किचन हवंय. सासूबाईंना चूल पूर्वेला तोंड करून हवीये, त्याला माझी काहीच हरकत नाही.

तर विचारायचंय असं की किचनमधून जागा काढून युटिलिटी घराच्या आतच करावी का, आणि केली तर किती मोठी? ज्यांनी स्वतः घर बांधलंय किंवा रोज असं घर चालवतात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

भाकरी_भाजणी

अगं, आधी हे सांग की नकाशावर कोणी तुमच्या घरचं काम चालवून पाहिलंय का? म्हणजे सकाळी साडेपाचला उठल्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत कोण कुठून कुठे जातं ते पेन्सिलने त्याच कागदावर काढायचं. दूध तापलं, पोहे झाले, डबे भरले, खरकटी भांडी कुठे गेली, बाई कुठल्या दाराने आली, धुणं मशीनमधून निघालं ते वाळायला कुठे गेलं, कचऱ्याची गाडी आली तेव्हा डबे कुठून उचलले. हे काढलंस की तुझं तुलाच दिसेल, की घरातलं निम्मं काम किचनमध्ये नसतंच, ते किचनच्या मागे असतं. आणि नकाशात त्या मागच्या कामाला उरलीसुरली जागा मिळते.

मी सुदामा नगरात बरीच वर्षं घर चालवतेय आणि माझं स्पष्ट मत आहे, युटिलिटी आतच हवी, पक्क्या छताखाली, किचनच्या पातळीवर, आणि तिला निदान सहा-साडेसहा फूट रुंदी हवी. चार फुटात मशीन ठेवलं की ते दोन फूट खातं, उरलेल्या दोन फुटात माणूस बादली घेऊन वळू शकत नाही. फ्रंट लोड घेणार असशील तर दार उघडायलाच आणखी जागा लागते आणि त्याच्यासमोर बसून कपडे काढायला त्याहून जास्त.

१४ बाय ११ चं किचन दिसायला छान पण तेवढं लागत नाही. दोन बायका पाठीला पाठ लावून काम करतात तेव्हा मधे साडेतीन ते चार फूट मोकळं हवं, त्याहून जास्त झालं की उगाच पावलं वाढतात. मोठ्या किचनमध्ये माणूस दमतो, हे मी खरंच सांगते.

इंदूरचं अजून एक, इथे कचरा नुसता ओला-सुका करून भागत नाही. गाडीला सहा कप्पे असतात, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा आणि ई-कचरा, सगळं वेगळं द्यायचं. २०१७ पासून शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय ते घरोघरच्या बायकांनी हे रोज केलं म्हणून येतंय, आपला ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जाऊन त्याचा गॅस होतो, रोज ५५० टनांची क्षमता आहे त्याची. मग ते डबे ठेवायला नव्या घरात जागा नको का? ओल्याचा डबा सिंकखाली ठेवलास तरी चालेल पण बाकीचे युटिलिटीत एका ओळीत, जमिनीपासून थोडे वर आणि गेटकडे जायच्या दाराजवळ. प्लास्टिक आठवडाभर साठतं त्याला पिशवी अडकवायला हुक पण आत्ताच लिहून ठेव. ई-कचरा आणि जुनी औषधं कधीतरीच निघतात, त्याला वरचं फडताळ पुरतं.

सासूबाईंना विचारलंस का त्यांना काय हवंय ते? पूर्वेचं तोंड सोडून. त्या जास्त वर्षं ओट्याशी उभ्या राहिल्यात.

साइटवरचा_माणूस

मी सिव्हिलमध्ये आहे, इंदूर आणि आसपासच्या कॉलन्यांमध्ये घरांची कामं बघतो, त्यामुळे दिसण्याबद्दल बोलणार नाही, जमिनीखालचं आणि भिंतीतलं बोलतो.

पहिली गोष्ट एमओएस. मार्जिनल ओपन स्पेस म्हणजे नियमाने उघडी सोडायची जागा, ती नकाशा पास करताना मोकळी दाखवायची आणि नंतर तिच्यावर शेड टाकायची हे बरोबर नाही. आग लागली, चेंबर चोक झाला, बाहेरून पाइप दुरुस्त करायचा झाला तर त्याच पट्ट्यातून माणूस जातो. शिवाय किचन आणि मागच्या बाथरूमचा उजेड-वारा तिथूनच येतो, तोच तुम्ही पत्र्याने बंद करणार.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची, आपली काळी माती. माळव्यातली ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आक्रसते, मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा बघितल्या असतील तुम्ही. मेन घर कॉलम-बीमवर असतं ते टिकतं, पण मागाहून नुसत्या भरावावर फरशी टाकून केलेला वॉश एरिया बसतो. फरशी अर्धा इंच जरी बसली तरी खालच्या पाइपाचा जॉइंट निघतो, पाणी मुरत राहतं, माती अजून फुगते आणि मग घराच्या प्लिंथला, म्हणजे जोत्याला ओल. म्हणून युटिलिटी जिथे कराल तिथे ती प्लिंथ बीमच्या आतच घ्या. आतली काळी माती काढून मुरूम भरा, तोही एकदम ट्रॉली ओतून नाही, सहा ते नऊ इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि कुटाई. ठेकेदार घाई करेल. तुम्ही उभे राहा.

तिसरं, ड्रेन. किचन सिंक, भांड्याची मोरी आणि मशीन या तिघांचं पाणी एकाच बारक्या पाइपात घालू नका. मशीन पाणी सोडतं तेव्हा जोरात सोडतं आणि पाइप बारीक असला की फेस मोरीच्या जाळीतून वर येतो. युटिलिटीची मेन लाइन ३ इंची घ्या, ती बाहेर गली ट्रॅपला (वास आत येऊ न देणारी पाणी धरलेली कुंडी) आणि तिथून चेंबरला, संडासची लाइन पूर्ण वेगळी. मशीनच्या आउटलेटला भिंतीत उभा पाइप द्या, तोंड जमिनीपासून दोन ते तीन फुटांवर, पार खाली ठेवलं तर सायफन होऊन मशीनमधलं पाणी आपोआप निघत राहतं. भांड्यांच्या पाण्याला जाळी हवीच, भात आणि तेलाने लाइन जेवढी चोक होते तेवढी कशानेच होत नाही. फरशीचा उतार १०० ला १, म्हणजे सात फुटांत साधारण एक इंच, आणि किचनच्या पातळीपेक्षा युटिलिटी इंच-दीड इंच खाली.

आणि गॅस. हे बऱ्याच घरात कोणी बघतच नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, त्याला जाळी खाली हवी. अवंतिकाची पाइपलाइन तुमच्या कॉलनीत असेल किंवा पुढे येणार असेल तर तो गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो, त्याला जाळी वर हवी. दोन्ही जाळ्या ठेवा, खर्च काहीच नाही. सिलिंडर खड्ड्यात किंवा चारी बाजूंनी बंद कपाटात ठेवू नका. आणि गॅस गीझर लावायचा विचार असेल तर बंद बाथरूममध्ये अजिबात नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही.

खिडकीतलं_किचन

मला थोडं वेगळं मांडायचंय. भाकरीताई, युटिलिटी हवी हे मान्य, पण किचन लहान करायच्या मी विरोधात आहे. आम्ही निपानियाला फ्लॅटमध्ये राहतो, तिथे बिल्डरने दिलेलं किचन आठ बाय नऊ, आणि सणाला घरात पंधरा माणसं असतात तेव्हा मी एकटी त्या खोक्यात आणि बाकी सगळे हॉलमध्ये हसत बसलेले. कोणाला मदत करायची असली तरी उभं राहायला जागा नाही. किचन मोठं असलं की लोक आत येतात हो, कोणी भाजी चिरतं, कोणी पुऱ्या लाटतं, मुलं अभ्यासाला बसतात, सासरे मटार सोलतात. स्वयंपाक करणाऱ्या बाईने दिवसाचे पाच तास भिंतीकडे तोंड करून का काढायचे?

म्हणून ओपन किचनची तुमच्या मिस्टरांची कल्पना एकदम झटकून टाकू नका. फोडणीचा ठसका आणि तळणाचा धूर ही अडचण खरी आहे, आपल्याकडे मिरचीची फोडणी घातली की बेडरूमपर्यंत खोकला. पण मधला मार्ग आहे. डायनिंगच्या बाजूची भिंत अर्धी उघडी, चार-पाच फुटांची खिडकी, तिला सरकती काच. तळण चाललं की काच बंद, एरवी उघडी, पानं तिथूनच पलीकडे द्यायची. बोलणं चालू राहतं.

चिमणी मात्र डक्टवालीच, धूर बाहेर टाकणारी. नुसत्या फिल्टरवाल्या आपल्या स्वयंपाकाला पुरत नाहीत. शेगडीपासून २६ ते ३० इंच वर, पाइप ६ इंची आणि जेवढा आखूड तेवढा बरा, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत यायला खिडकी उघडी हवी, नाहीतर चिमणी ओढणार काय?

साइटवरचा_माणूस

चिमणीवरून आठवलं, डक्ट युटिलिटीच्या बाजूला काढू नका. कपडे वाळत असतात तिथे, सगळ्याला तेलकट वास. तुमचं किचन वायव्येला आहे म्हणजे उत्तरेची भिंत साइडच्या एमओएसवर उघडते, तिथून काढा. शेगडी पूर्वेच्या भिंतीला असेल तर ती उत्तर कोपऱ्याकडे सरकवा, एका वळणात पाइप बाहेर जाईल.

नवंघर_इंदूर

बाप रे, एवढं सविस्तर. सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री प्रिंट काढून घरात वाचून दाखवलं. एमओएसचं वाचल्यावर नवरा लगेच म्हणाला शेड कॅन्सल.

भाकरीताई, तुमच्या सांगण्यावरून सासूबाईंना विचारलं. आधी म्हणाल्या मला काय विचारतेस तुम्ही राहणार आहात. मग हळूहळू बोलल्या. त्यांना कुकर आणि मोठी कढई उचलताना खांद्याला त्रास होतो, कारण ओटा उंच पडतो आणि त्या टाचा उंचावून ढवळतात. इतकी वर्षं मला हे दिसलं नाही असं नाही, पण त्यांनी सांगितलं कधीच नव्हतं. दुसरं म्हणजे त्यांना बसून करायच्या कामाला जागा हवीये, भाजी निवडणं, वाती वळणं, पुरण वाटणं, जमिनीवर आता बसता येत नाही पण खुर्ची टाकून खिडकीजवळ.

बाईंनाही विचारलं. आम्ही घरात दोन दिवस वाद घालत होतो की उभ्याने भांडी घासायचं सिंक बरं की बसून घासायची मोरी, आणि त्यांनी पाच मिनिटांत सोडवलं. ताटं-वाट्या-पेले उभ्यानेच बऱ्या, गुडघे दुखत नाहीत, पण पातेली आणि कुकर सिंकमध्ये मावत नाहीत, वरून उचलताना हात भरून येतात, ते खाली हवेत. म्हणजे दोन्ही हवं. आणि त्या म्हणाल्या पायाखाली कायम ओलं नको, आणि थंडीत एक गरम पाण्याचा नळ असला तर बरं. जानेवारीत इथे पहाटेचं पाणी कसलं असतं ते आपल्याला माहितीच आहे, हे आधी सुचायला हवं होतं आर्किटेक्टला.

आता दोन उंच्यांचा ओटा करता येतो का? दिसायला वाईट दिसेल का?

भाकरी_भाजणी

दिसायला काय, आपल्या खांद्यापेक्षा दिसणं मोठं आहे का. कर बिनधास्त.

हिशोब सोपा आहे. सरळ उभं राहून कोपर दुमडायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे, ती तुझी ओट्याची उंची. सासूबाईंची येईल ३१ ते ३३ च्या आसपास, तुझी ३५-३६. बाजारात सगळे ३४ चा ओटा करतात, तो दोघींनाही बरोबर नाही. आता बघ, शेगडीवर भांडं चढतं म्हणजे काम आणखी सहा-आठ इंच वर जातं, म्हणून शेगडीचा ओटा खाली हवा, ३२ ठेव. सिंकमध्ये उलट, हात आत खाली जातो, तिथे उंच हवं, ३५. म्हणजे शेगडी सासूबाईंच्या मापाने, सिंक तुझ्या मापाने, आणि तुला शेगडीशी ३२ चा त्रास कमी होतो कारण पातेलं तुला उंचावर मिळतं. मधे पायरी येते तिथे भिंत किंवा फ्रीज आला तर डोळ्याला खटकतही नाही.

आणि त्यांच्यासाठी उत्तरेच्या खिडकीखाली तीन फुटांचा तुकडा २९-३० इंचांवर घे, खाली मोकळा, पाय जातील असा, खुर्ची टाकून बसता येईल. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा, ऊन अंगावर येत नाही. निवडणं-टिपणं तिथेच. पुढे तुलाही लागेल तो.

गव्हाची_कोठी

सगळे ओल्या कामाचं बोलताहेत, कोरड्या साठवणाचं कोणीच काही म्हणत नाहीये म्हणून लिहितोय. घरात स्वयंपाक मीही करतो आणि वर्षाचं भरणं तर माझ्याचकडे आहे.

तुम्ही सहा माणसं, वर्षाचा गहू भरत असाल तर चार क्विंटल धरा. एक क्विंटल गव्हाला साधारण पावणेपाच घनफूट जागा लागते, म्हणजे दीड फूट व्यासाची आणि पावणेतीन फूट उंचीची एक कोठी, अशा चार, वर तांदूळ, तूरडाळ, हरभरा. त्यामुळे स्टोअर पूर्ण मोडू नका प्लीज. मार्केटिंगवाले सांगतात आता सगळं दहा मिनिटांत घरी येतं, पण चैत्रात आलेला सिहोरचा शरबती निवडून, कडुनिंबाचा पाला किंवा एरंडेल लावून भरून ठेवलेला, त्याच्या पोळीची गोष्ट वेगळीच आहे आणि ज्याला ते करायचंय त्याच्या घरात त्याला जागा असायलाच हवी.

स्टोअरची कुठलीही भिंत नळाच्या भिंतीला पाठ लावून नको. युटिलिटी शेजारी करणार असाल तर नळ, मोरी, मशीन सगळं पलीकडच्या बाहेरच्या भिंतीला घ्या, मधली भिंत कोरडी ठेवा. कोठ्या फरशीवर टेकवू नका, चार इंचांचा कोटा स्टोनचा ओटा किंवा लाकडी पाट, आणि भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे मागे हवा फिरते आणि झाडू जातो. आतल्या मांडण्या प्लायच्या नको, कोटा किंवा कडप्पाच्या घ्या, पावसाळ्यात दमटपणा आणि वाळवीची भीती नाही. किचनमध्ये ट्रॉल्या करणार असाल तर सिंकखालचा भाग तरी प्लायचा नको, प्लायच घ्यायचं ठरलं तर आयएस ७१० मार्क, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, बघून घ्या.

महालक्ष्म्यांची मोठी पितळी भांडी, परात, घंगाळ, सोवळ्याच्या स्वयंपाकाची पातेली, यांना टांड हवी, दोन फूट खोल. स्टोअरमध्येच दाराच्या वर घ्या, किचनमध्ये शेगडीच्या वर नको, तेलकट होतात. आणि घरघंटी असेल किंवा घ्यायची असेल तर तिचा पॉइंट १६ ॲम्पियरचा, स्टोअरच्या दाराजवळ. ओल्यापासून लांब.

खिडकीतलं_किचन

पॉइंटचं निघालं म्हणून, ते आत्ताच मोजून लिहा नाहीतर नंतर एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत राहतात. ओव्हन, इंडक्शन, मशीन, गीझर आणि पुढेमागे डिशवॉशर, प्रत्येकाला स्वतंत्र १६ ॲम्पियर. इंडक्शनच २००० वॉटचा असतो, तो आणि ओव्हन एका लाइनवर घातले की ट्रिप. मिक्सर, आरओ, चिमणी, फ्रीज वेगळे. डिशवॉशर आत्ता घेणार नसलात तरी सिंकच्या शेजारी दोन फुटांची जागा, नळाचं एक तोंड आणि ड्रेनचं एक तोंड सोडून ठेवा. बाटी-बाफल्याचा ओव्हन गॅसवरचा असेल तर तो युटिलिटीत चालवता येतो, रविवारी किचन मोकळं राहतं.

आरओ घेण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजा हं. ५०० च्या आत असेल तर आरओची खरी गरज नसते, नुसता यूव्ही पुरतो. नर्मदेची लाइन आली असेल तुमच्याकडे तर बहुतेक लागणार नाही, बोअरचं पाणी असेल तर लागेल.

नवंघर_इंदूर

नर्मदा आणि बोअर दोन्ही आहे. नर्मदा एक दिवसाआड, बोअरला पांढरा थर धरतो, सध्याच्या भाड्याच्या घरातही तेच.

साइटवरचा_माणूस

मग दोन टाक्या आणि दोन लाइनी करा, आत्ता पाइपाचा खर्च थोडाच आहे, नंतर टाइल फोडावी लागते. नर्मदेची लाइन किचन सिंकला, पिण्याच्या पाण्याला आणि मशीनला, बोअरची मोरीला, भांड्याच्या सिंकला, फरशी आणि झाडांना. मशीनला बोअर दिलंत तर तोच पांढरा थर आत हीटरवर बसतो. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर लांबून, घाट चढवून हे पाणी आपल्यापर्यंत येतं, १९७८ पासून, त्याने फरशी धुवू नये असं मला मनापासून वाटतं. आरओ बसवलाच तर त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा पाइप सिंकमध्ये न सोडता युटिलिटीत बादलीवर काढा, पुसायला चालतं. नर्मदेचा हौद ड्रेनच्या चेंबरपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या, शक्य असेल तर हौद पुढे आणि चेंबर मागे, आणि हौदाचं तोंड जमिनीच्या वर उचलून घ्या म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही.

नवंघर_इंदूर

काल आर्किटेक्टकडे बसून नवीन नकाशा काढून घेतला, सांगते.

किचन १३ बाय ११ झालं, म्हणजे फक्त एक फूट गेला. शेगडी पूर्वेच्या भिंतीला उत्तर कोपऱ्यात ३२ इंचांवर, सिंक पश्चिमेच्या खिडकीखाली ३५ वर, उत्तरेच्या खिडकीखाली सासूबाईंचा बसायचा ओटा. डायनिंगकडे साडेचार फुटांची सरकत्या काचेची खिडकी, नवरा खूश. जुन्या स्टोअरची रुंदी ६ ची ७ झाली आणि तिचे दोन भाग केले, आतल्या बाजूला ७ बाय साडेतीनचं स्टोअर, त्याचं दार किचनमधून, आणि बाहेरच्या पश्चिमेच्या बाजूला ७ बाय ७ ची युटिलिटी पक्क्या छताखाली, प्लिंथ बीमच्या आत. बाहेरच्या भिंतीला ओळीने मशीन, उभ्याचं सिंक, आणि कोपऱ्यात ३ बाय ३ ची खाली मोरी, चार इंचांचा कठडा. मोरीचा नळ दोन फुटांवर घेतला म्हणजे खाली बादली आणि हंडा सहज मावतो. गरम पाण्याची लाइन सिंक आणि मोरी दोन्हीकडे. मधली भिंत कोरडी. मागचा एमओएस उघडा, तिथे फक्त दोऱ्या. सोवळं वाळवायची एक दोरी आतच, उंचावर, ही सासूबाईंची अट.

स्टोअरमध्ये एका बाजूला सव्वा फुटाची मांडणी केली की चालायला सव्वादोन फूट राहतात. कोठ्या त्या मांडणीच्या खाली मावत नाहीत, दीड फूट व्यास आहे ना, म्हणून टोकाशी एकाला एक लावून चारही ठेवायच्या असं ठरतंय. कोणाला काही चूक दिसतेय का?

गव्हाची_कोठी

टोकाशी साडेतीन फुटांत शेजारी दोनच बसतील, चार म्हणजे दोन ओळी, मागच्या दोन काढायला पुढच्या हलवाव्या लागतील. भरलेली कोठी हलत नाही. मांडणीचा खालचा कप्पा तीन फुटांच्या वर सुरू करा, आणि मांडणीच्या खाली भिंतीला लागून चारही एका ओळीत, कोठी चारेक बोटं बाहेर येईल, भिंतीपासून सोडलेली जागा धरून अर्धा फूट. चालायला पावणेदोन फूट राहतात, तिथे कोणी धावणार नाहीये, चालेल. झाकण उघडायला मात्र वर एक वीत मोकळी ठेवा, हात आणि माप दोन्ही आत जायला हवं, म्हणजे कोठ्यांखालचा चार इंचांचा ओटा धरून खालचा कप्पा चार फुटांच्या आसपास घेतलात तर उत्तम.

भाकरी_भाजणी

छान झालंय गं. एकच बघ, युटिलिटीचं किचनकडचं दार कुठे उघडतंय? आत उघडलं तर मशीनच्या दाराला अडेल. सरकतं कर किंवा किचनच्या बाजूला उघडू दे, आणि खालचा अर्धा भाग जाळीचा नको, भांड्यांचं पाणी उडतं. जाळी वर. बाहेरच्या एमओएसच्या दाराला मात्र पूर्ण जाळीचं दुसरं दार हवं, संध्याकाळी डास.

साइटवरचा_माणूस

नकाशा चांगला आहे. आता दोन कामं. पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा दाखवलाय का बघा, सिंकशी उभं राहणाऱ्याच्या डोळ्यात दुपारी चारचं ऊन येईल आणि पाऊसही त्याच बाजूने येतो. आणि युटिलिटीची फरशी टाकायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून, ड्रेनची तोंडं बंद करून, पाणी भरून दोन दिवस ठेवायला सांगा, पातळी उतरली नाही तरच पुढे. पाइप टाकून झाले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, म्हणजे फोटोत माप दिसलं पाहिजे. पुढे कधी हुक ठोकायचा झाला की तोच फोटो उघडायचा.

नवंघर_इंदूर

छज्जा सिंकच्या खिडकीवर होता, युटिलिटीच्या नव्हता, आत्ताच मेसेज केला. दार किचनकडे उघडतं करून घेते. कोठ्यांचं सासऱ्यांना दाखवलं, ते टेप घेऊन सध्याच्या कोठ्या मोजायला बसलेत.